शैलाला, किनोसाकीच्या पाण्याबद्दल

ओसाका,
17 जानेवारी

प्रिय शैला,

तिळगूळ घे, गोड बोल. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत रथसप्तमीही उलटून गेली असेल, पण माझ्याकडून संक्रांतीचं देणं कधी चुकलंय?

फोटो पाठवले, तू ‘मस्त गं’ लिहिलंस आणि लगेच खाली ‘विचारलंस का लेकीला, माझ्या भाच्याचं?’ मला हसू आलं. विचारलं नाही, पण उत्तर मिळालं. ते सांगायलाच बसले आहे. फोनवर बोलता येत नाही, इथलं घर एवढंएवढंसं आहे की मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी चिऊला बाहेर ऐकू येतं. पण आधी तुला आंघोळीची सगळी हकीगत ऐकावी लागेल, कारण जे काही झालं ते पाण्यात झालं.

तर, चिऊने मला वाढदिवसाची भेट म्हणून किनोसाकी या ओन्सेनच्या गावाला नेलं. ओन्सेन म्हणजे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचं ठिकाण, आणि तिथे राहायचं ते जुन्या पद्धतीच्या सरायीत, तिला र्योकान म्हणतात. मी आधी म्हटलं, इतके पैसे घालून आंघोळीला कशाला जायचं, घरी गीझर आहे की. ह्यांनी तर ओसाकाच्या थंडीचा आकडा ऐकूनच येणं रद्द केलेलं, ते तिकडे चिपळूणला स्वेटर घालून बसलेत. त्यामुळे आम्ही दोघीच.

ओसाकाहून गाडी निघते तिचं नाव कोउनोतोरी. म्हणजे पांढरा करकोचा. पावणेतीन तासांचा प्रवास, आधी शहर, मग डोंगर, बोगदे, आणि मग एका बोगद्याच्या पलीकडे सगळं पांढरं. शैला, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा बर्फ पाहिला, तोही खिडकीतून, हातात तिळाची वडी धरून. गाडीला पक्ष्याचं नाव का, तर किनोसाकी ज्या तोयोओका शहरात मोडतं, तिथे हे पक्षी असायचे. शेतातल्या औषधांनी आणि दलदली बुजवल्याने ते कमी कमी होत गेले, आणि जपानातला रानातला शेवटचा करकोचा 1971 साली तिथेच मेला. मग त्यांनी पिंजऱ्यात पिल्लं वाढवली, शेतकऱ्यांनी भातशेतीची पद्धत बदलली, आणि 2005 साली पहिले पक्षी पुन्हा आकाशात सोडले. चिऊने हे सांगितलं तेव्हा मला आपल्याकडची गिधाडं आठवली. असो. करकोच्याचं पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेव.

गाव म्हणशील तर आपल्या संगमेश्वरच्या बाजारपेठेएवढं. मधून ओतानी नावाची लहानशी नदी, नदी कसली, दगडांनी बांधून काढलेला पऱ्याच. दोन्ही काठांना विलो नावाची झाडं, त्यांच्या फांद्या केस मोकळे सोडल्यासारख्या पाण्यावर लोंबतात. थंडीत पानं नव्हती, नुसत्या काड्या आणि त्यांवर बर्फ. कमानदार दगडी पूल. दोन-तीन मजली लाकडी घरं. ही घरं फार जुनी वाटतात, पण 1925 साली मोठा भूकंप झाला, त्यात आग लागून सगळं गाव जळलं, आणि मग लोकांनी पुन्हा जसं होतं तसं उभं केलं.

तिथले लोक म्हणतात, अख्खं गाव ही एकच सराय आहे. स्टेशन म्हणजे दार, रस्ते म्हणजे ओसऱ्या, आपण उतरतो ती र्योकान म्हणजे खोली, आणि गावातली सात सार्वजनिक स्नानगृहं म्हणजे न्हाणीघर. आधी मला हे पाहुण्यांना खूष करायचं बोलणं वाटलं. पण खरंच, संध्याकाळी सगळे पाहुणे सरायीने दिलेला युकाता, म्हणजे पातळ सुती झगा, नेसून, वर जाड कोटासारखं घालून, पायात लाकडी सपाता अडकवून, हातात टॉवेलची टोपली घेऊन रस्त्याने हिंडत असतात. खटक-खटक, खटक-खटक. म्हातारे, तरुण, नवी लग्न झालेली, सगळे एकाच अवतारात. आपण गावात न्हाऊन केसांना पंचा गुंडाळून अंगणात येतो ना, तसं अख्खं गाव.

खोलीत शिरले आणि मला आजोळ आठवलं. खुर्ची नाही, पलंग नाही, कपाट दिसत नाही. दहा चटयांची खोली. इथे खोली चटयांवर मोजतात, एक चटई साधारण तीन फूट बाय सहा. गवताचा वास. मधे एक बुटकं मेज, आणि गुडघेवाल्यांसाठी पाठ असलेली, पाय नसलेली खुर्ची. (तुझ्या गुडघ्यांना चालेल, मी मुद्दाम तपासून पाहिलं.) भिंतीत एक कोनाडा, त्यात एक चित्र आणि एक फुलाची काडी. एकच. आपण असतो तर तिथे शोकेस केलं असतं आणि गणपतीपासून ताजमहालापर्यंत सगळं कोंबलं असतं.

आमची व्यवस्था पाहायला एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या. अशा बाईंना नाकाइ-सान म्हणतात. त्या दाराबाहेर गुडघ्यांवर बसून दार सरकवायच्या, आत यायच्या, पुन्हा गुडघ्यांवर बसून दार लावायच्या. प्रत्येक वेळी. मी बघत होते आणि माझेच गुडघे दुखत होते. त्यांनी आल्याआल्या चहा आणि एक गोड वडी पुढे ठेवली. मला वाटलं पाहुणचार. चिऊ म्हणाली, पाहुणचार आहेच, पण रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरलं तर भोवळ येते, म्हणून आधी गोड. मग मीही पिशवीतून डबा काढला आणि त्यांना तिळगूळ दिला. चिऊला म्हटलं, ‘गोड बोला’ सांग. तिने काहीतरी सांगितलं आणि त्या बाई तोंडावर हात धरून हसल्या. नंतर कळलं, चिऊने सांगितलेलं, ‘हे खाल्लं की वर्षभर माझ्याशी भांडायचं नाही, असं आई म्हणते.’ म्हटलं बरोबर आहे की.

युकाता नेसताना माझी फजिती. मी सवयीने उजवी बाजू वर घेतली. चिऊ एकदम ओरडली, ‘आई, तसं मेलेल्या माणसाला नेसवतात!’ डावी बाजू नेहमी उजवीवर. आपल्याकडे श्राद्धाला जानवं अपसव्य करतात ना, तसलंच काहीतरी. पुढे दोन दिवस मी आरशासमोर ‘डावी वर, डावी वर’ असं पुटपुटत होते.

आता मुख्य गोष्ट. तिथे अंगावर काहीही न ठेवता उतरायचं असतं. काहीही म्हणजे काहीही. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं हे खरं, पण बायका झाल्या म्हणून काय! ओसाकाला असतानाच मी चिऊला म्हटलं होतं, मी गाऊन घालून उतरेन. ती म्हणाली, पाण्यात कापड नेलेलं चालत नाही, पाणी सगळ्यांचं आहे. तासाच्या हिशोबाने दोघींपुरतं खाजगी कुंड घेता येतं, हवं तर ते घेऊ, असंही म्हणाली. मी ‘घे’ म्हणणार होते. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी म्हटलं, नको, बघू.

तुला आपलं तुरळ आठवतंय? मला खरूज झाली होती, सहावीत, आणि माझी आजी मला गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेली होती. तुला खरूज नव्हती, तू नुसती मजा म्हणून आलीस आणि परत येताना माझी खरूज घेऊन आलीस. तुझ्या आईने महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तो गंधकाचा वास, आणि आपण परकर छातीपर्यंत बांधून त्या ऊन पाण्यात बसलेलो, परकरात हवा शिरून फुगे झालेले. आजी सांगायची, ‘गो, आत पाय सावकाश टाक, देवीचा पाणी आसा.’ त्यानंतर तिथे मी गेले नाही. महामार्गावरून शंभरदा गेले असेन, पण एस्टी थोडीच थांबते.

पहिलं स्नानगृह आम्ही निवडलं ते इचिनोयु. एडो नावाच्या जुन्या राजवटीच्या काळातल्या एका वैद्याने इथलं पाणी सगळ्यात उत्तम ठरवलं, म्हणून नाव ‘पहिलं पाणी’. आत खडकात कोरून काढलेली गुहा आहे, तिच्यात कुंड. दारात पडदा, मग चपलांचे खण, मग कपडे काढायची खोली, तिथे वेताच्या टोपल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभी. शैला, मी किती वेळ ती युकात्याची गाठ सोडत होते ते विचारू नकोस. शेजारी एक ऐंशीच्या आजी आल्या, फडाफड सगळं काढलं, टोपलीत टाकलं, एवढासा पंचा घेतला आणि निघाल्या. पाठीत वाकलेल्या, पोटावर शिवणीची खूण. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. मला जरा अपमानच वाटला म्हण ना.

आणि आत गेल्यावर काय, तर बादली आणि बसायला पाट! अगदी बुटकं स्टूल, समोर नळ, साबण, आणि लहानशी बादली. सगळ्या बायका ओळीने पाटावर बसून अंग घासतायत. कुंडात उतरण्याआधी इथे साबण लावून, चोळून, पूर्ण स्वच्छ व्हायचं. साबणाचा एक फेस पाण्यात जाता कामा नये. केस वर बांधायचे. पंचासुद्धा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. त्या वाकलेल्या आजी डोक्यावर पंचा ठेवून गुहेत बसल्या होत्या, डोळे मिटून, देवीसारख्या.

मी तिथे पाटावर बसून विचार करत होते. आपण म्हणतो, ‘आंघोळ उरकून घे.’ कधीच ‘आंघोळ कर’ म्हणत नाही, उरकून घे. कामं उरकतो, जेवणं उरकतो, लग्नं उरकतो. माझ्या आईने आयुष्यात एक आंघोळ सावकाश केली असेल तर ती दिवाळीच्या पहिल्या दिवशी, आणि तीही पहाटे, काळोखात, आम्हा पाच जणांना उटणं लावून झाल्यावर, उरलेल्या कोमट पाण्याने. बंबातलं कढत पाणी तोवर संपलेलं असायचं. इथे अंग धुणं संपलं की मग खरी आंघोळ सुरू होते. जिचा उपयोग काही नाही.

पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास. जमिनीतून ते कितीतरी जास्त कढत येतं, मग कुंडांना पुरवतात. पाय टाकला तर चटका, मग मांडी, मग कंबर, आणि मानेपर्यंत बसलं की आपोआप तोंडातून ‘हाऽऽ’ निघतं. सगळ्यांच्याच निघतं. ओठांवर आलं तर खारट. जपानात 1948 सालचा कायदा आहे, कोणत्या पाण्याला ओन्सेन म्हणायचं त्याचा: उगमापाशी निदान पंचवीस अंश ऊन असलं पाहिजे, किंवा कायद्यात दिलेल्यांपैकी एखादं द्रव्य ठरलेल्या प्रमाणात असलं पाहिजे. म्हणजे थंड पाणीही ओन्सेन ठरू शकतं. कायद्याचं हे मला आवडलं, कुणीही उठून बोअरवेल गरम करून पाटी लावू शकत नाही.

मी अर्थात हावरटपणा केला. चिऊ ‘दहा मिनिटं बस, बाहेर ये, पुन्हा बस’ सांगत होती, मी पंचवीस मिनिटं बसले आणि उठताना डोळ्यांपुढे काजवे. त्या आजींनीच दंडाला धरून काठावर बसवलं, आणि बादलीभर पाणी माझ्या पायांवर ओतलं. काही बोलल्या, मला कळलं नाही, पण सूर अगदी माझ्या आजीचा होता. तिथे कोण कुठल्या परकरात!

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर तू मला माफ करणार नाहीस. हा तिथे कुर्ल्यांचा हंगाम, नोव्हेंबर ते मार्च. मात्सुबा नावाची कुर्ली, लांब सडपातळ पाय, आपल्या खाडीतल्या कुर्ल्यांसारखे जाडजूड आकडे नाहीत. प्रत्येक कुर्लीच्या पायाला निळी पट्टी बांधलेली, तिच्यावर जवळच्या त्सुइयामा बंदराचं नाव. म्हणजे कुठल्या बंदरात उतरली ते कळतं. माझ्या डोळ्यांपुढे आपली मासळीवाली उभी राहिली, ‘ताजी हाय काय’ विचारलं तर पट्टी दाखवणारी!

नाकाइ-सान खोलीतच एकेक आणून ठेवत होत्या. आधी कच्चे पाय. बर्फाच्या पाण्यात बुडवले की मांस फुलासारखं उमलतं. मी डोळे मिटून खाल्लं. गोड लागतं गं, नारळाच्या मलईसारखं. मग निखाऱ्यावर भाजलेले. मग कवचातच गरम केलेला आतला मगज, ते मात्र आपलंच. मग उकळत्या पाण्याच्या भांड्यात भाज्यांबरोबर. आणि शेवटी, त्या भांड्यात उरलेल्या रसात भात आणि अंडं घालून केलेली पेज. सगळ्या थाटामाटानंतर पेज! मी दोन वाट्या घेतल्या. तिखट-मसाला नावाला नाही, कोकम नाही, खोबरं नाही, आणि तरी कमी वाटलं नाही. आता घरी आल्यावर माझ्या कालवणाला नावं ठेवशील म्हणून सांगते, कालवण ते कालवणच. पण कुर्लीची स्वतःची चव काय असते ती मला इथे कळली.

आणि आम्ही जेवणानंतर परतलो तर मेज बाजूला सारून खोलीभर गाद्या घातलेल्या. कधी, कुणी, पत्ता नाही. ... थांब, मधलं राहिलं. परतलो कुठून, तेच सांगायचं आहे.

जेवण झाल्यावर चिऊ म्हणाली, ‘आई, झोपायच्या आधी आणखी एक.’ मी म्हटलं, एका दिवसात तिसरी आंघोळ, लोक काय म्हणतील. गेलो. स्टेशनपासून सगळ्यात लांब, डोंगराच्या पायथ्याशी, कोनोयु. हेच ते करकोच्याचं. जखमी पायाचा करकोचा रोज तिथल्या पाण्यात येऊन उभा राहायचा, बरा होऊन उडाला, आणि लोकांनी जाऊन पाहिलं तर ऊन झरा, अशी कथा आहे. चौदाशे वर्षांपूर्वीची म्हणतात. (दुसरी कथा एका भिक्षूची. दोची नावाच्या भिक्षूने हजार दिवस मंत्रपठण केलं आणि 720 साली पाणी फुटलं, ते मंदारायु. मला करकोच्याची जास्त पटते.) कोनोयुला बाहेर बागेत, उघड्यावर कुंड आहे. रात्रीचे साडेनऊ, आत कुणी नाही, आम्ही दोघी. खांद्यांपर्यंत ऊन पाणी आणि डोक्यावर बर्फ भुरभुरतंय. दगडावर पडलेला बर्फ तसाच राहायचा, पाण्यावर पडलेला दिसायच्या आधीच नाहीसा व्हायचा.

त्याआधी, पाटावर बसून धुताना, चिऊ माझ्या मागे येऊन बसली आणि पंच्याला साबण लावून माझी पाठ चोळायला लागली. न विचारता. शैला, मी तिला शेवटचं न्हाऊ घातलं ती आठ वर्षांची होती. डोळ्यांत शिकेकाई गेली म्हणून रडली आणि म्हणाली, उद्यापासून मी माझी मी करणार. आणि तेव्हापासून ती तिची तीच करते आहे, सगळंच.

पाठ चोळताना ती म्हणाली, ‘आई, मी परत येणार नाही. म्हणजे, येत राहीन. पण राहायला नाही.’

मी काही बोलले नाही.

‘आणि लग्न वगैरे, आत्ता तरी नाही. तुला शैलामावशीने काहीतरी विचारायला सांगितलंय, मला माहितीये.’

बघ. तिला सगळं कळत होतं. जपानीत म्हणे एक बोलच आहे, उघड्या अंगाने जुळलेला स्नेह, की तिथे मोठा-धाकटा राहत नाही आणि खोटं बोलता येत नाही. हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी मी फक्त म्हटलं, ‘खांद्याखाली जरा जोरात चोळ.’ तिने चोळलं. मग मी फिरले आणि तिची पाठ चोळून दिली. उजव्या खांद्यावरचा तीळ तिथेच आहे. हाडं लागतात हाताला, नीट जेवत नाही. मग उठून बाहेर जाऊन त्या बर्फात बसलो, आणि बऱ्याच वेळाने मी विचारलं की मोठं घर घेणार आहेस का, कारण बाबा आले तर झोपणार कुठे. ती हसायला लागली आणि मग रडायला, किंवा ऊन पाण्याने डोळे लाल झाले असतील.

तर हे तुझं उत्तर. तुझ्या भाच्याला सांग, मुलगी चांगली आहे, पण पुण्याला यायची नाही. तुला वाईट वाटेल हे मला कळतंय. मलाही वाटलं, पण ते दुसऱ्या दिवशी, न्याहारीच्या वेळी, भाजलेला मासा काट्यांतून सोडवताना.

निघताना एक गंमत कळली ती सांगून टाकते. सरायीच्या आतलं न्हाणीघर बघून मी चिऊला म्हटलं, एवढे पैसे घेतात आणि आतलं कुंड इतकं लहान? तर त्यावर म्हणे गावात खटला चाललेला. 1927 साली एका सरायीने आपल्या आवारात स्वतःचं कुंड करायचं ठरवलं, आणि गाव उठलं: सगळे जण आपापल्या घरात न्हायला लागले तर सार्वजनिक न्हाणीघरात कोण येणार, रस्त्यात कोण दिसणार, दुकानांत कोण शिरणार? भांडण चाललं तेवीस वर्षं, मध्ये महायुद्ध होऊन गेलं, आणि 1950 साली समेट झाला. आतली कुंडं चालतील, पण लहान. म्हणून पाहुण्यांना सार्वजनिक स्नानगृहांचा पास फुकट आणि आतलं कुंड बेताचं. आपल्याकडे पाण्यावरून तेवीस वर्षं भांडणं होतात, त्यात नवल नाही. पण एकत्र न्हाता यावं म्हणून भांडलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

नाकाइ-सान दारापर्यंत आल्या. मी पाकिटात काही घालून द्यावं म्हटलं तर चिऊने डोळे वटारले, इथे बक्षिशी देत नाहीत. म्हणून उरलेला तिळगुळाचा डबाच दिला. आम्ही पूल ओलांडून वळणाआड होईपर्यंत त्या बर्फात उभ्या राहून वाकत होत्या. मीही मागे वळून वळून वाकत होते, मग दोनदा घसरले.

मी 9 फेब्रुवारीला परत येतेय. शिमग्याला तू येशीलच, तेव्हा एक सकाळ माझ्यासाठी ठेव. तुरळला जाऊ. एस्टीने नको, रिक्षा सांगू. कुंडाची काय दशा असेल देवाला ठाऊक, पण असेल तशा पाण्यात बसू. परकर मी आणते.

तुझी,
कुंदा

ता.क. तुझ्यासाठी तिथला पंचा घेतलाय, पातळ, निळ्या नक्षीचा. डोक्यावर ठेवायचा आहे, भांडी पुसायला घेऊ नकोस.